बुटकं म्हणजे सावकाश

‘काहीतरी वेगळं, शोभेचं आणि छोटंच राहणारं झाड सुचवा’ अशा अर्थाची पत्रं अलीकडे वाढली आहेत. जागा लहान झाल्या, हे त्याचं एक कारण. थंड प्रदेशात फिरून आल्यावर तिथली झाडं डोळ्यांपुढून हलत नाहीत, हे दुसरं. या वेळी त्याच विषयावरची पाच पत्रं घेतली आहेत. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं आहे, कारण बाकीच्यांची बरीच उत्तरं त्यातच दडलेली आहेत.

प्रश्न : मनालीला एका हॉटेलच्या बागेत गुडघ्याएवढी, शंकूच्या आकाराची, गच्च हिरवी सूचिपर्णी झाडं पाहिली. माळी म्हणाला, ‘ही एवढीच राहतात.’ आमच्या बंगल्यापुढे दहा बाय पंधरा फुटांची मोकळी जागा आहे. तिथे अशी दोन-तीन झाडं लावली तर जगतील का? आणि देवदारासारख्या उंच झाडांच्या घरात अशी बुटकी झाडं मुळात जन्मतात कशी? – एक वाचक, बावधन, पुणे

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण ते कळलं की पहिल्याचं आपोआप कळेल.

माळ्याच्या बोलण्यातला एक शब्द बदलायला हवा. ही झाडं ‘एवढीच’ राहत नाहीत. ती वाढत असतात, फक्त फार सावकाश. अमेरिकन कोनिफर सोसायटी ही सूचिपर्णी झाडांच्या शौकिनांची संस्था आहे. तिने या झाडांची जी प्रतवारी केली आहे, ती वर्षाच्या वाढीवर केली आहे. वर्षाला एक इंचापेक्षा कमी वाढणारं झाड अतिबुटकं, एक ते सहा इंच वाढणारं बुटकं, सहा ते बारा इंच वाढणारं मध्यम आणि त्यापुढचं मोठं. शेवटी झाड किती उंच होईल, याबद्दल ही प्रतवारी काहीच सांगत नाही. वर्षाला चार इंच वाढणारं झाड या हिशेबाने बुटकंच, पण तीस वर्षांत ते दहा फुटांवर जातं. आपण ते तिसऱ्या वर्षी पाहतो आणि तेवढंच त्याचं रूप मनात धरून घरी येतो.

आता जन्माची गोष्ट. १९०४ साली बोस्टनच्या अर्नॉल्ड आर्बोरेटम या वृक्षोद्यानातले दोन वनस्पतिशास्त्रज्ञ, आल्फ्रेड रेडर आणि जॉन जॅक, कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात लेक लगान या ठिकाणी होते. आज ते ठिकाण लेक लुईस म्हणून ओळखलं जातं. परतीच्या रेल्वेगाडीची वाट पाहत ते आसपास फिरत होते, असं सांगतात. तिथे उंचच उंच पांढऱ्या स्प्रूस झाडांच्या पायाशी त्यांना काही वेगळीच रोपं दिसली. जात तीच, पण पेरं इतकी आखूड की रोप म्हणजे पानांचा घट्ट विणलेला शंकू. त्यांनी ती रोपं सोबत नेली. ‘ड्वार्फ अल्बर्टा स्प्रूस’ या नावाने जगभर विकली जाणारी झाडं ही त्यांचीच संतती. एका रानात लाखो बिया रुजतात, त्यात एखाद्या रोपाच्या गुणसूत्रांत कुठेतरी फरक पडतो आणि दोन पानांमधलं अंतर वाढायचं राहून जातं. रानात असं रोप बहुधा मोठ्यांच्या सावलीत मरून जातं. कुणाची तरी नजर पडली, तरच ते बागेत येतं.

दुसरी वाट आणखी नवलाची आहे. एखाद्या मोठ्या, निरोगी पाइनच्या किंवा स्प्रूसच्या उंच फांदीवर मध्येच आखूड डहाळ्यांचा दाट झुपका उगवतो, जणू कुणी झाडू अडकवून ठेवला आहे. युरोपात त्याला चेटकिणीचा झाडू म्हणतात. काही झुपके बुरशीने किंवा किडीने होतात, पण काही त्या एकाच कळीतल्या बदलामुळे झालेले असतात. अशा झुपक्याची काडी काढून दुसऱ्या खुंटावर कलम बांधलं, की ते कलमही तसंच दाट आणि बुटकं वाढतं. बुटक्या पाइन-स्प्रूसच्या कित्येक जाती अशा झाडावर चढून उतरवून आणलेल्या काड्यांतून आल्या आहेत. बियांतून हा गुण नेमका उतरत नाही, म्हणून ही झाडं छाटानेच किंवा कलमानेच वाढवावी लागतात. वाढ सावकाश असल्याने विकण्याजोगं रोप व्हायला वर्षं जातात. त्यांची किंमत जास्त का, हेही त्यातच आलं.

बोन्सायशी मात्र याची गल्लत करू नका. बोन्सायमधला वड हा पूर्ण वाढीचाच वड असतो. माणसाची कात्री आणि उथळ कुंडी त्याला लहान ठेवतात, आणि जमिनीत सोडला तर तो आपली मूळ उंची गाठायला निघतो. बुटक्या सूचिपर्णीचा सावकाशपणा तिच्या अंगातच असतो. तरी तोही पूर्ण भरवशाचा नाही. अल्बर्टा स्प्रूसच्या त्या घोटीव शंकूतून कधीतरी एक लांब, विरळ फांदी सुसाट बाहेर पडते. ती आजोबांच्या वळणावर गेलेली असते, आणि वेळीच मुळापासून कापली नाही तर सगळं झाड गिळून टाकते.

याच्या नेमकं उलट टोक हवं असेल तर लेलँड सायप्रसचं बघा. वेल्समधल्या लेटन हॉलच्या आवारात १८८८ साली दोन वेगळ्या सायप्रसचा आपोआप संकर झाला आणि त्यातून वर्षाला तीन-तीन फूट वाढणारं झाड निघालं. झटपट कुंपण हवं म्हणून ब्रिटनमध्ये लोकांनी ते घरोघर लावलं. काही वर्षांत शेजाऱ्यांच्या खिडक्या अंधारल्या, भांडणं कोर्टात गेली. शेवटी २००३ च्या एका कायद्यात दोन मीटरपेक्षा उंच सदाहरित कुंपणांबद्दल तक्रार करण्याची सोय करावी लागली. झाड घेताना त्याची चाल न विचारल्याची ही किंमत होती.

आता तुमची पुण्यातली जागा. स्पष्टच सांगते, मनालीची ती झाडं पुण्यात लावू नका. स्प्रूस, फर, बहुतेक पाइन ही बर्फाच्या मुलखातली झाडं. वर्षातले काही महिने ती गारठ्यात झोपतात, आणि ती झोप झाल्याशिवाय त्यांच्या कळ्या नीट जाग्या होत नाहीत. पुण्याची थंडी त्यांना पुरत नाही. त्याहून मोठी अडचण रात्रीची आहे. दिवसा पानांनी केलेली साखर झाड रात्री श्वसनात खर्च करतं, आणि रात्र जितकी उबदार तितका खर्च जास्त. आपल्या एप्रिल-मेच्या रात्रींत हे झाड मिळवतं त्याहून जास्त खर्च करत राहतं. वर कुंडी तापून मुळं भाजतात, आणि त्यातून वाचलंच तर पावसाळ्यात चिकट ओल्या मातीत मूळकुज गाठते. बुटक्या जातींना हे जास्तच जाचतं, कारण त्यांचा कारभार आधीच तुटपुंज्या शिलकीवर चाललेला असतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. पंधराएक वर्षांपूर्वी हिमाचलातून निळसर पानांचं वीतभर स्प्रूस मी मांडीवर घेऊन आणलं होतं. पहिला हिवाळा छान गेला. दुसऱ्या उन्हाळ्यात मी त्याला सावलीत ठेवलं, कुंडीला ओलं गोणपाट गुंडाळलं, दिवसातून दोनदा पाणी फवारलं. जूनपर्यंत ते हिरवंगार दिसत होतं. मग सहज हात लावला आणि पानं झरझर गळून पडली. सूचिपर्णी झाड मेल्यावरही काही आठवडे हिरवंच दिसतं, हे मला त्या दिवशी कळलं. मी कितीतरी दिवस एका मेलेल्या झाडाची सेवा करत होते. ते दुःख तुमच्या वाट्याला येऊ नये, म्हणून एवढं सविस्तर लिहिते आहे.

आपल्या डोंगरांनाही ही झाडं परकीच आहेत. भारतीय द्वीपकल्पात आपणहून वाढणारी सूचिपर्णी वर्गातली एकच जात आहे, नागेया वालिचियाना. ती सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडच्या दाट जंगलात राहते, आणि तिचीही पानं सुईसारखी नसून चांगली रुंद असतात. महाराष्ट्राच्या रानात मूळचं असं एकही झाड नाही. पण सावकाश वाढणारी, गच्च, सदाहरित, वाऱ्याने घडवलेली झाडं आपल्याकडे आहेत. आपण ती बागेत लावण्याजोगी मानलेली नाहीत, एवढंच.

त्यांत माझी सगळ्यात लाडकी अंजनी. महाबळेश्वर, माथेरान, भीमाशंकर इथल्या रानांतून तुम्ही तिच्याच सावलीतून चालत असता. महाबळेश्वरच्या जंगलाच्या शास्त्रीय नावातही अंजनी, जांभूळ आणि पिसा ही तीन झाडं आहेत. अंजनीची पानं जाड, चकचकीत आणि गर्द हिरवी. दरीच्या कडेला, जिथे पावसाळाभर वारा झोडपतो, तिथे ती माणसाच्या खांद्याएवढी, वळलेली-पिळलेली होऊन बसते. तेच झाड आडोशाला दुमजली उंच जातं. उन्हाळ्याच्या तोंडाला तिच्या जुन्या, निष्पर्ण फांद्यांना थेट लाकडातून निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके फुटतात. ज्याने अंजनी फुललेली पाहिली, त्याला स्प्रूसची आठवण होणार नाही, असं मला मनापासून वाटतं. ती हट्टी आहे, सावकाश आहे. पाच वर्षांत कंबरेला लागली तरी समाधान मानावं. पहिली दोन वर्षं दुपारच्या उन्हापासून आडोसा द्या, पालापाचोळ्याचं खत भरपूर घाला, आणि मुरमाड, निचऱ्याची माती ठेवा. रानातून उपटून मात्र आणू नका. ती जगत नाही, आणि रानातलं एक जुनं झाड आपण विनाकारण घालवतो. देशी झाडांच्या रोपवाटिकांत बियांपासून केलेली रोपं मिळतात.

तुमच्या जागेत ऊन कडक आणि जमीन खडकाळ असेल तर डिकेमाली लावा. लहान मुलांना दात येताना आजीच्या बटव्यातून जी डिकेमाली निघायची, तो याच झाडाच्या कोंबावरचा डिंक. संध्याकाळी उमललेलं पांढरं, सुवासिक फूल दुसऱ्या दिवशी पिवळं पडतं, त्यामुळे झाडावर एकाच वेळी दोन रंग असतात. सोनसावरही अशाच जागेची. फेब्रुवारी-मार्चमध्ये अंगावर एक पान नसताना तळहाताएवढी पिवळीजर्द फुलं. उरलेलं वर्षभर ती साधीच दिसते, हे आधी ठाऊक असू द्या.

जागा पूर्वेची असेल, दुपारनंतर सावली येत असेल आणि पाणी पुरेसं असेल, तर सीतेचा अशोक. फाटकाशी उभा असतो तो उंच, खाली पानं झुकलेला खोटा अशोक वेगळा. सीतेच्या अशोकाची कोवळी पालवी तांबूस आणि मलूल लोंबते, नवशिक्यांना वाटतं झाड सुकलं. फुलांना पाकळ्या नसतातच, केशरी दिसतो तो निदलपुंज, आणि दिवस जातील तसा तो लाल होतो. औषधासाठी सालीची इतकी लूट झाली आहे की निसर्ग-संवर्धनाच्या जागतिक यादीत हे झाड आता संकटग्रस्तांत मोडतं. अंगणात एक लावलं तरी ते मोलाचं.

दहा बाय पंधरा फुटांत यांतलं एकच लावा. दोन-तीन नकोत.

प्रश्न : बारा वर्षांपूर्वी नाताळात मुलांच्या हट्टासाठी फूटभर उंचीचं ‘ख्रिसमस ट्री’ आणलं. आता ते बाल्कनीच्या छताला टेकलं आहे आणि एका बाजूला कललंही आहे. शेंडा छाटू का? छाटलेली फांदी लावून दुसरं रोप होईल का? – एक वाचक, नाशिक

बारा वर्षं सांभाळलंत, याचं आधी कौतुक. आपल्याकडे या नावाने विकलं जातं ते अराउकारिया, म्हणजे नॉरफोक बेटावरचं किंवा त्याचं जवळचं भावंड असलेलं न्यू कॅलेडोनियाचं झाड. ते मुळातच उष्ण हवेच्या बेटांवरचं, म्हणून आपल्याकडे रमतं. कॅप्टन कुक १७७४ साली नॉरफोक बेटावर उतरला, तेव्हा या सरळसोट खोडांकडे पाहून त्याला जहाजाच्या डोलकाठ्या दिसल्या. पुढे ते लाकूड डोलकाठीच्या कामाचं नाही हे कळलं, पण तोवर झाडाचं नाव जगभर झालं होतं. त्याच्या घरी ते पन्नास मीटरच्या पुढे जातं. तुमच्या कुंडीत आहे ते या उंचीचं बाळ आहे.

शेंडा छाटू नका. या झाडाचं सगळं देखणेपण एका सरळ खोडावर थराथराने पसरलेल्या फांद्यांत आहे. शेंडा गेला की खालून एक किंवा दोन-तीन नवे शेंडे फुटतात आणि ती शिस्त कायमची मोडते. फांदी लावण्याचा विचार तर सोडूनच द्या, त्यामागचं कारण मात्र फार सुंदर आहे. अराउकारियाच्या आडव्या फांदीला मुळं फुटू शकतात, पण ती फांदी पुढे आयुष्यभर आडवीच वाढते. जमिनीला समांतर सरपटणारं, कधीच उभं न राहणारं झाड तयार होतं. आपण फांदी आहोत, ही ओळख ती विसरत नाही. उभं झाड फक्त बीपासून किंवा मुख्य शेंड्यापासून होतं. तेव्हा जुन्या झाडाचा शेंडा गमवायची तयारी असेल, तरच पावसाळ्याच्या सुरुवातीला शेंड्यालाच गुटी बांधून बघता येईल. मुळं फुटतीलच याची हमी नाही, पण फुटली तर हातात नवं, सरळ वाढणारं झाड येईल.

कलण्याचं कारण तुमच्या बाल्कनीत तरी प्रकाश हेच आहे. दर पंधरा दिवसांनी कुंडी पाव वळसा फिरवत जा. पण जमिनीतली झाडंही कलतात, आणि तिथे प्रकरण निराळं आहे. न्यू कॅलेडोनियाच्या जातीची जगभरातली झाडं मोजून २०१७ साली अभ्यासकांनी दाखवलं की ही झाडं विषुववृत्ताकडे कलतात, सरासरी साडेआठ अंश. उत्तर गोलार्धातली दक्षिणेकडे, दक्षिण गोलार्धातली उत्तरेकडे. नाशिकमध्ये एखाद्या जुन्या बंगल्याच्या आवारात असं उंच झाड दिसलं तर होकायंत्र घेऊन बघा.

छताला टेकलेल्या झाडाचं काय, हा प्रश्न उरतोच. मोकळं मैदान असलेली एखादी शाळा किंवा शेतघर शोधा आणि जूनमध्ये ते तिथे द्या. इमारतीपासून निदान तीस फूट दूर.

प्रश्न : आमच्या दारात वडिलांनी लावलेली मोरपंखीची जोडी आहे. शाळेत असताना याच झाडाची ‘विद्या’ आम्ही वहीत ठेवायचो. आता बाहेरून झाड हिरवं आहे, पण आत सगळं तपकिरी आणि खाली उघडं पडलं आहे. कडक छाटणी केली तर पुन्हा भरेल का? – एक वाचक, कोल्हापूर

विद्या! तुमचं पत्र वाचताना मला माझ्या चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकात चपटी झालेली ती डहाळी दिसली. तेव्हा कुणी सांगितलं असतं तर त्या पानाची गंमत आणखी वाढली असती. मोरपंखीची पिसं उभ्या पातळीत वाढतात, एकाशेजारी एक, पुस्तकाची पानं उभी ठेवावीत तशी. तिच्या अमेरिकेतल्या नातेवाइकाची, थुजाची, पिसं मात्र आडवी पसरतात. आपल्याकडे दोघांनाही थुजाच म्हणण्याची पद्धत आहे, पण आपली मोरपंखी मूळची चीन आणि कोरियाकडची. बीजिंगच्या टेंपल ऑफ हेवनच्या आवारात तिची शेकडो वर्षांची झाडं उभी आहेत. तिच्या आयुष्याच्या मापाने पाहिलं तर वडिलांनी लावलेली जोडी अजून पोरवयातच आहे.

आतलं तपकिरी होणं हा आजार नाही. बाहेरच्या पानांनी आतला उजेड अडवला की आतली जुनी पानं सुकतात. हाताने हलवून ती झाडून काढा, हवा खेळू द्या. पण बाहेरच्या हिरव्यावरही धुरकट, पिवळसर छटा येत असेल तर लाल कोळी तपासा. पांढरा कागद खाली धरून फांदी झटका. कागदावर सुईच्या टोकाएवढे ठिपके चालू लागले, तर तेच. फेब्रुवारी ते मे या कोरड्या दिवसांत ते माजतात. सकाळी पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या आतल्या बाजूने, आठवड्यातून दोनदा मारला तरी बहुतेक वेळा भागतं.

कडक छाटणी मात्र अजिबात नको. आंबा, जास्वंद, कडुनिंब यांच्या जुन्या लाकडात झोपलेले डोळे असतात, कापलं की ते फुटतात. मोरपंखीच्या तपकिरी, निष्पर्ण लाकडात असे डोळे जवळपास नसतातच. हिरव्याच्या मागे कात्री गेली की तिथे कायमचं खिंडार पडतं. दर वर्षी फक्त हिरव्या टोकांची दोन-तीन इंच छाटणी करा. खालचं उघडं खोड आता भरणार नाही. ते तसंच स्वच्छ करून घ्या आणि पायाशी नेचे लावा. जुन्या मोरपंखीचं पिळदार, तंतूतंतूंनी सोललेलं खोड बघण्यासारखं असतं. ते झाकायची घाई करू नये.

प्रश्न : समुद्रकाठचा सुरू हे सूचिपर्णी झाडच ना? मग कोकणात ही झाडं होत नाहीत असं का म्हणतात? – एक विद्यार्थिनी, दापोली

दिसायला तसाच, पण नाही. सुरू फुलं येणाऱ्या झाडांतला आहे. ज्यांना आपण सुया म्हणतो त्या त्याच्या बारीक हिरव्या काड्या आहेत. एक काडी घेऊन हलकेच ओढ. ती पेरावर सुटेल आणि सुटल्या जागी इवल्याशा दातांचं कडं दिसेल. ते दात म्हणजे सुरूची खरी पानं. त्याचा ‘शंकू’ म्हणजे लाकडासारख्या झालेल्या फळांचा गोळा. मुळांवरच्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतला नत्र त्याला मिळवून देतात, म्हणून नुसत्या वाळूतही तो तगतो. अभ्यासासाठी वहीत दोन्ही चिकटव, सुरूची काडी आणि मोरपंखीची डहाळी. भिंगाखाली फरक लगेच दिसेल.

प्रश्न : आम्ही एडिसन, न्यू जर्सी इथे नवीन घर घेतलं. दर्शनी भिंतीलगत बिल्डरने अल्बर्टा स्प्रूस, यू आणि मुगो पाइन लावले आहेत. शेजारी सांगतात, सगळं काढावं लागेल. काय ठेवावं? आणि समोरच्या लॉनमध्ये इतरांकडे नसेल असं एखादं मध्यम झाड हवं आहे. पारिजातक जगेल का? – एक वाचक

पारिजातकाचं आधी. बाहेर जमिनीत तो तुमचा पहिलाच हिवाळा काढणार नाही. मोठ्या कुंडीत लावा, उन्हाळ्यात अंगणात आणि थंडीची चाहूल लागताच घरात, सर्वांत उजेडाच्या खिडकीशी. फुलं कमी येतील, पण येतील.

भिंतीलगतच्या झाडांत शेजाऱ्यांचं अर्धं म्हणणं खरं आहे. रोपाच्या चिठ्ठीवर जी उंची छापतात, ती सहसा दहा वर्षांची असते. घर मात्र आपण तीस वर्षांसाठी घेतो. अल्बर्टा स्प्रूस भिंतीपासून निदान चार-पाच फूट दूर असेल तर ठेवा. तापलेल्या दक्षिण भिंतीला चिकटून असेल तर लाल कोळी त्याला दर उन्हाळ्यात छळणार. यूच्या आणि थुजाच्या बाबतीत हरणांचा विचार करा, कारण हिवाळ्यात ती यांच्यावर तुटून पडतात. स्प्रूसच्या टोचऱ्या पानांच्या वाटेला सहसा जात नाहीत. घरात लहान मूल असेल तर आणखी एक. यूच्या लाल फळाचा गर सोडला तर बी, पानं, साल सगळं जहाल विषारी आहे. मी तरी काढून टाकेन. मुगो पाइन नुसत्या ‘मुगो’ नावाने घेतला असेल तर तो बियांपासून केलेला असण्याची शक्यता मोठी, आणि त्यातलं प्रत्येक रोप आपल्या मनाने वाढतं. एखादं तीन फुटांवर थांबल्यासारखं वाटतं, एखादं बारा फुटांवर जातं. ‘मॉप्स’सारख्या नावाच्या कलमी जातीबद्दल एवढा धोका नसतो.

रिकाम्या झालेल्या जागी एकच हिनोकी सायप्रस लावा, ‘नाना ग्रासिलिस’ नावाचं वाण. शिंपल्यांसारखी वळलेली गर्द पिसं, एकावर एक. वाढ वर्षाला दोन-तीन इंच. जपानमध्ये इसे इथलं शिंतो मंदिर दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात, मागच्या खेपेस २०१३ साली बांधलं. त्याचे खांब याच जातीच्या, शेकडो वर्षं वाढलेल्या हिनोकीचे असतात. तुमच्या खिडकीखालचं ते तीन फुटांचं झुडूप आणि ते देवळाचे खांब, जात एकच.

लॉनसाठी माझं मत एकाच झाडाला, पेपरबार्क मेपल. अर्नेस्ट विल्सन या वनस्पती-शोधकाने १९०१ साली चीनमधून त्याचं बी इंग्लंडला पाठवलं. ते पंचवीस-तीस फुटांवर जातं, पण सावकाश. तीन पानांचं मिळून एक असं त्याचं संयुक्त पान शरदात लालभडक होतं. त्याहून देखणी त्याची साल, दालचिनीच्या रंगाची, कागदासारखी सोलून निघणारी. रोप महाग पडेल, कारण त्याच्या बहुतेक बिया पोकळ निघतात आणि शंभर पेरून मोजकीच उगवतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लावा. पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात आठवड्याला एकदा खोलवर पाणी द्या, खोडाला लागून लाकडाच्या भुशाचा ढीग करू नका. आणि लावण्याआधी घरात उभं राहून जागा ठरवा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पश्चिमेकडे पाहताना झाड मध्ये येईल असं बघा. जानेवारीत चार वाजता ऊन तिरपं होतं, बर्फावर दुसरा कुठलाच रंग नसतो, आणि ती सुटलेली साल पाठीमागच्या उजेडाने निखाऱ्यासारखी पेटते.